दीपआशा: कर्नालला जन्मलेली रानम्हैस आणि कोलामार्काचा कळप

(व्याख्यानाचं शब्दांकन. शेवटी श्रोत्यांच्या प्रश्नांपैकी दोन दिले आहेत.)

आजचा विषय क्लोनिंग आणि जंगली प्राणी. क्लोनिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सिनेमा येतो. प्रयोगशाळेत तयार केलेला अवाढव्य डायनासोर, नाहीतर अवाढव्य कपी, साखळ्या तोडून पळणारा. तर आधी त्या कपीचा निकाल लावू आणि मग आपल्या रानाकडे येऊ.

खरोखरचा महाकाय कपी होऊन गेला आहे. जायगँटोपिथेकस त्याचं नाव. दक्षिण चीनमध्ये राहायचा आणि दोन-तीन लाख वर्षांपूर्वी संपला. १९३५ साली फॉन क्योनिग्सवाल्ड नावाच्या संशोधकाला त्याची पहिली दाढ कुठे मिळाली माहीत आहे का? हाँगकाँगच्या एका औषधाच्या दुकानात. तिथे जुन्या हाडादातांना 'ड्रॅगनचे दात' म्हणून कुटून औषधात घालत. आज आपल्याकडे ह्या प्राण्याचे दात आहेत, जबड्याचे काही तुकडे आहेत. एका दाढेतून प्रथिनांचे अंशही मिळाले आहेत. पण डीएनए नाही. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, क्लोनिंगला नुसता डीएनएसुद्धा पुरत नाही. अख्खी, शाबूत पेशी लागते, केंद्रकासकट. दुसरं, त्याच किंवा अगदी जवळच्या जातीच्या मादीचं बीजांड लागतं. तिसरं, ते पिल्लू नऊ-दहा महिने वाढवू शकेल असं गर्भाशय लागतं. तिन्हीपैकी एक जरी नसेल तरी काम थांबलं. मृत कपी सोडा, आज जिवंत असलेल्या गोरिला-चिंपांझींपैकी एकाचंही क्लोन कुणी केलेलं नाही. चीनमध्ये शांघायला दोन माकडं जन्मली, झोंग झोंग आणि हुआ हुआ, त्यांची बातमी २०१८ च्या जानेवारीत आली. ती मकाक माकडं. शेपटीवाली, लहानखुरी. ७९ भ्रूण वापरले तेव्हा ती दोन मिळाली.

आता मूळ विषय. विज्ञानाने जन्माला घातलेला आणि पिंजऱ्यात वाढलेला एक मोठा जंगली प्राणी भारतात आहे. आपल्या गडचिरोलीच्या शेजारच्या राज्यात आहे, आणि गडचिरोलीच्या एका कळपाशी त्याचं नातं आहे. ती रानम्हैस. तिचं नाव दीपआशा.

रानम्हैस म्हटलं की गोंधळ होतो, म्हणून सांगतो. ताडोबात तुम्ही जो काळा, पांढरे मोजे घातल्यासारखा दिसणारा दांडगा प्राणी बघता, तो गवा. गाइड त्याला 'बायसन' म्हणतात. तो गाईच्या कुळातला. रानम्हैस वेगळी. ती आपल्या गोठ्यातल्या म्हशीची आजी. साधारण पाच हजार वर्षांपूर्वी ह्याच उपखंडात कुणीतरी ती माणसाळवली. मूळ रानटी म्हैस मात्र तशीच राहिली, जास्त अंगापिंडाची, चंद्रकोरीसारखी दोन्हीकडे पसरलेली शिंगं असलेली. जगात आज चार हजारांच्या आत आहेत, आणि त्यातल्या बहुतेक आसामात, काझीरंगा-मानसच्या बाजूला. मध्य भारतात उरल्या त्या छत्तीसगडच्या उदंती आणि इंद्रावती भागात आणि महाराष्ट्रात फक्त एका ठिकाणी: गडचिरोली जिल्ह्यात, सिरोंचा वनविभागात, कमलापूरच्या पुढे, कोलामार्का.

कमलापूर म्हटलं की सगळ्यांना हत्ती कॅम्प आठवतो. कोलामार्काचं नाव चंद्रपुरातसुद्धा फार जणांना माहीत नसतं. २०१३ साली तिथलं १८०.७२ चौरस किलोमीटर जंगल संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झालं, मुख्यतः ह्या म्हशींसाठी. पुढे त्याला अभयारण्याचा दर्जा देण्याचं ठरलं. पलीकडे छत्तीसगडची हद्द आणि इंद्रावतीचं खोरं. ह्या म्हशींना हद्द कळत नाही, त्या ये-जा करतात. भाग माओवादी चळवळीचा, त्यामुळे तिथे शांतपणे बसून मोजणी करणं कधीच सोपं नव्हतं. कळप लहान आहे एवढं मात्र सगळेच सांगतात.

आता उदंतीकडे. छत्तीसगडने रानम्हशीला राज्यप्राणी केलं. गंमत अशी की राज्यप्राणी झाली तेव्हा उदंतीत ती संपत आली होती. शेवटी अशी वेळ आली की तिथे प्रजननक्षम मादी एकच उरली. तिचं नाव ठेवलं आशा. नर होते, पण मादी एक. आशाला कुंपणाच्या आत सुरक्षित ठेवलं, वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया ही संस्था वनविभागाबरोबर काम करत होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयातही गेलं, आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये न्यायालयाने छत्तीसगड सरकारला ह्या म्हशी वाचवण्याबद्दल स्पष्ट आदेश दिले. पण आशाला होणारी पिल्लं बहुतेक नरच निघाली. मादी हवी होती, आणि ती काही होईना.

इथे कर्नाल चित्रात येतं. हरियाणात कर्नालला राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी म्हशीच्या क्लोनिंगची एक स्वस्त पद्धत बसवली होती, हाताने करायची. डॉलीच्या वेळी जे केलं, त्यात सूक्ष्मदर्शकाखाली चालणारी महागडी यंत्रं लागतात, काचेच्या बारीक सुईने बीजांडातलं केंद्रक ओढून काढायचं असतं. कर्नालची पद्धत बघा कशी आहे. कत्तलखान्यातून म्हशीच्या बीजकोशांतून बीजांडं घ्यायची. त्यांच्यावरचं जाड कवच एका विकराने विरघळवून टाकायचं. मग बारीक पात्याने, हातानेच, बीजांडाचे दोन भाग करायचे. ज्या भागात केंद्रक आहे तो टाकायचा, बिनकेंद्रकाचा ठेवायचा. असे दोन बिनकेंद्रकाचे तुकडे आणि मधे आपल्याला हव्या त्या प्राण्याची एक पेशी. पेशी सहसा कानाच्या कडेच्या चिमूटभर कातडीतून मिळवतात. विजेचा हलका झटका दिला की तिन्ही एकमेकांत मिसळतात. आठवडाभर भांड्यात वाढवायचं आणि तयार झालेला भ्रूण एखाद्या पाळीव म्हशीच्या गर्भाशयात ठेवायचा. मग दहा महिने वाट बघायची.

ह्या पद्धतीने पहिलं रेडकू ६ फेब्रुवारी २००९ ला जन्मलं, समरूपा. ते आठवडाभरही जगलं नाही. त्याच वर्षी जूनमध्ये गरिमा जन्मली. ती दोनेक वर्षं जगली. २०१० च्या ऑगस्टमध्ये गरिमा-दोन. आणि तिने २०१३ च्या जानेवारीत स्वतः एक रेडकू दिलं, महिमा, अगदी नेहमीच्या म्हशीसारखं. म्हणजे क्लोनही माता होऊ शकते, हे दिसलं. हे सगळं दुभत्या म्हशींचं काम होतं, जास्त दूध देणाऱ्या म्हशीची नक्कल मिळावी म्हणून. मग प्रश्न आला की हीच पद्धत आशावर का करू नये?

आशाच्या शरीरातल्या पेशींचा नमुना कर्नालला गेला, आणि १२ डिसेंबर २०१४ ला एका पाळीव म्हशीच्या पोटी मादी रेडकू जन्मलं. नैसर्गिक प्रसूती, वजन ३२ किलो. ही दीपआशा. मघा सांगितलेल्या तिन्ही अटी इथे पूर्ण होत होत्या. पेशी जिवंत, बीजांड त्याच कुळातलं, गर्भाशयही. शास्त्राच्या दृष्टीने हे काम छोटं नाही. ह्याआधी २००१ साली अमेरिकेत गव्याचं क्लोन केलं होतं, आपल्या ताडोबातल्या गव्याच्या जातीचं. आठ वर्षांपूर्वी मेलेल्या गव्याच्या गोठवलेल्या पेशी, गाईचं बीजांड, गाईचंच पोट. त्या वासराचं नाव ठेवलं नोआ. दोन दिवसांत हगवणीने गेलं. दीपआशा मात्र जगली, वाढली.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये तिला कर्नालहून नवा रायपूरच्या जंगल सफारीत आणलं. आणि गाडी तिथे अडली. ती जशी वाढली तशी लोक म्हणायला लागले, अहो, ही तर मुऱ्हा दिसते! मुऱ्हा म्हणजे हरियाणाची दुभती म्हैस, जिलेबीसारखी गोल वळलेली शिंगं. वन्यजीव कार्यकर्त्यांनी उघडपणे विचारलं, ही खरंच रानम्हैस आहे का?

इथे जरा थांबू, कारण ह्या शंकेत विज्ञान भरपूर आहे. काही लोकांनी तिच्या बाजूने असं म्हटलं की बीजांड पाळीव म्हशीचं होतं, पोट पाळीव म्हशीचं होतं, म्हणून थोडं पाळीव रूप येणारच. हे मला पटत नाही. पाळीव बीजांडातून क्लोनला मिळतो तो मायटोकाँड्रियाचा डीएनए. पेशीच्या केंद्रकाबाहेर हे कण असतात, त्यांचा स्वतःचा छोटासा डीएनए असतो. एकूण वारशात तो नगण्य, आणि पेशीला ऊर्जा पुरवण्याच्या कामाचा. शिंगं कशी वळणार हे त्यात लिहिलेलं नसतं, ते केंद्रकात असतं. गर्भाशयही शिंगाचा आकार ठरवत नाही, भाड्याच्या घरात राहिलं म्हणून भाडेकरूचं नाक घरमालकासारखं होत नाही. तेव्हा शिंगं खरोखरच मुऱ्हासारखी असतील तर प्रश्न रास्त आहे, वापरलेली पेशी आशाची होती ना? आणि ह्या प्रश्नाचं उत्तर शिंगाकडे बघून वाद घालत मिळत नाही. आशाचा नमुना आणि दीपआशाचं रक्त शेजारी ठेवून केंद्रकातल्या डीएनएच्या खुणा जुळवायच्या. कोर्टात पितृत्वासाठी करतात तसलीच तपासणी. क्लोन असेल तर खुणा एकूणएक जुळायला हव्यात, निम्म्या नव्हे. जनतेच्या पैशातून झालेल्या कामात ही तपासणी जन्माच्या आठवड्यातच करून निकाल भिंतीवर लावायला हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

शिंगांबद्दल विदर्भातल्या लोकांना आणखी एक सांगतो. आपल्याकडची नागपुरी म्हैस, जिला एलिचपुरीही म्हणतात, तिची शिंगं कशी असतात? लांब, चपटी, मागे खांद्यापर्यंत गेलेली, तलवारीसारखी. म्हणजे कोलामार्काच्या बाजूला एखादी लांब शिंगांची म्हैस रानात दिसली म्हणून ती शुद्ध रानम्हैस, असं म्हणता येत नाही. आणि आपल्या कळपाला बंदुकीइतकाच हाही धोका आहे. गावातल्या म्हशी जंगलात चरायला जातात, रानरेडा त्यांच्याकडे येतो, संकर होतो. दोन-चार पिढ्यांत रानम्हैस नावापुरती उरते. त्याला कुणी मारलेलं नसतं, तरी ती गेलेली असते.

बरं, क्षणभर धरून चालू की दीपआशा शंभर टक्के आशाची नक्कल आहे. तरी कळपाला काय मिळालं? नीट बघा. क्लोन म्हणजे मुलगी नव्हे. वारशाच्या हिशेबात ती स्वतः आशाच आहे, वयाने लहान असलेली आशा. उदंतीतले तरुण नर कोण? त्यातले बरेचसे आशाचेच मुलगे. दीपआशाचा जोड त्यांच्याशी लावला तर ते आनुवंशिकतेच्या दृष्टीने आई-मुलाचं पिल्लू होईल. ज्या अडचणीतून बाहेर पडायला हा खटाटोप केला, तीच अडचण पुन्हा समोर. लहान कळपाला कमी पडतात ते नवे वारसे. असलेल्याच वारशाची आणखी एक प्रत काढून संख्या एकने वाढते, विविधता जिथल्या तिथे राहते.

दुसरी गोष्ट वागणुकीची. रानम्हशीच्या कळपात म्हाताऱ्या माद्यांचं चालतं. वैशाखात कुठल्या नाल्यात डबकं उरतं, वाघाचा वास आला की रेडकं मधे घेऊन शिंगं बाहेर करून कसं उभं राहायचं, हे रेडकू आईच्या मागे फिरून शिकतं. पेशीत ते नसतं. गोठ्यात माणसाच्या हातून खाऊन वाढलेल्या दीपआशाला ते शिकवायला कुणी नव्हतं. चंद्रपूरकरांना हे वाघाच्या बछड्यांवरून चांगलं ठाऊक आहे. आई मेलेली बछडी माणसाने वाढवली की त्यांना परत रानात सोडणं किती कठीण होतं. दीपआशा रानात गेली नाही. कुंपणातच राहिली.

मग पिंजऱ्यात वाढवलेलं काहीच रानात जात नाही का? जातं. २०२४ च्या जानेवारीत हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रातून दहा पांढऱ्या पाठीची गिधाडं ताडोबात बोटेझरीला आणली. बीएनएचएसने ती वाढवली होती. काही महिने तिथल्याच मोठ्या पिंजऱ्यात ठेवली, पाठीवर उपग्रहाचं यंत्र बसवून सोडली. एक तर उडत उडत पार तामिळनाडूपर्यंत गेलं. काही मेलीही, ते धरूनच चालावं लागतं. पण इथला फरक बघा. त्या केंद्रात अनेक जोड्या आहेत, पिल्लांना वारसा वेगवेगळा मिळतो, आणि गिधाडं ज्यामुळे मेली ते डायक्लोफिनॅक हे गुरांचं औषध २००६ साली बंद केलं. म्हणजे आधी विहिरीतलं विष काढायला घेतलं, मग त्यात मासे सोडले. रानम्हशीच्या बाबतीत विष काढण्याचं काम मागे आणि मासा आधी, असं झालं.

छत्तीसगडने पुढे दुसरी वाट धरली. २०२० साली आसामच्या मानसमधून एक जोडी बारनवापारा अभयारण्यात आणली, २०२३ मध्ये आणखी चार माद्या. त्यावरही वाद झाला, आसामच्या ओल्या गवताळ रानातली जनावरं इथल्या कोरड्या जंगलात कशाला, असा. तो वाद आज नको, वेळ कमी आहे.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न: मग क्लोनिंगवर खर्च करूच नये, असं तुमचं म्हणणं आहे का?

नाही, तसं नाही. कुठे उपयोग होतो ते सांगतो. अमेरिकेत काळ्या पायांचा फेरेट नावाचा मुंगसासारखा प्राणी आहे. आज जेवढे जिवंत आहेत ते सगळे फक्त सात पूर्वजांपासून आलेले. पण १९८८ साली विला नावाच्या मादीच्या पेशी कुणीतरी शहाणपणाने गोठवून ठेवल्या होत्या, आणि तिचा वंश पुढे उरला नव्हता. त्या पेशींपासून २०२० च्या डिसेंबरमध्ये एलिझाबेथ अ‍ॅन जन्मली. पुढे विलाच्याच दुसऱ्या क्लोनला, अँटोनियाला, २०२४ मध्ये पिल्लं झाली. म्हणजे सात पूर्वजांत आठवा मिळाला. हा खरा फायदा. दीपआशा आणि एलिझाबेथ अ‍ॅन, तंत्र जवळजवळ एकच. पण एकीत हरवलेला वारसा परत आला आणि दुसरीत हातातलाच पुन्हा छापला.

ह्यातून आपल्याला उचलण्यासारखं आहे ते गोठवण्याचं काम. हैदराबादला सीसीएमबीची लॅकोन्स ही प्रयोगशाळा आहे, जंगली प्राण्यांच्या पेशी आणि वीर्य जतन करण्याचं काम तिथे चालतं. सिरोंच्याहून हैदराबाद काही फार दूर नाही. कोलामार्कात एखादी म्हैस मेलेली सापडली तर तिच्या कानाचा तुकडा वेळेत थंड पेटीत घालून तिथे पोहोचला पाहिजे. उन्हाळ्यात मढं काही तासांत सडतं, म्हणून पेटी आणि ती वापरायला शिकलेला वनरक्षक आधीपासून तिथे हवा. पुढच्या पन्नास वर्षांत त्या पेशींचं काय करायचं ते पुढचे लोक ठरवतील. पेशी नसतील तर ठरवायला काही उरणार नाही.

प्रश्न: कोलामार्काच्या आसपासच्या गावांवर ह्याचा भार पडणार. त्यांची गुरं जंगलात चरतात. त्यांना बाहेर काढणार का?

चांगला प्रश्न आहे, आणि बाहेर काढणं हे माझ्या मते उत्तर नाही. हे माडियांचं रान आहे, म्हशी तिथे टिकल्या त्या त्यांच्या शेजारात टिकल्या. करण्यासारखं पहिलं काम लाळ्या-खुरकतचं लसीकरण. गावातल्या गुरांना तोंडखुरी आली की ती पाणवठ्यावरून रानात जाते. पशुवैद्यकाची गाडी पावसाळ्याआधी त्या गावांत पोहोचली पाहिजे, नाले भरल्यावर नाही. दुसरं, पाळीव म्हशींसाठी गावाजवळ पाण्याची आणि चाऱ्याची सोय, म्हणजे त्या आत खोल जाणार नाहीत आणि संकर कमी होईल. बदल्यात नुकसानभरपाई लवकर मिळाली पाहिजे, वर्षभराने नव्हे. तिसरं, शेणाच्या नमुन्यातून डीएनए काढता येतो, जनावर न पकडता. कळपात नेमकी किती जनावरं, किती शुद्ध, नात्यागोत्याची किती, हे त्यातून कळेल. हे काम स्थानिक पोरांना शिकवून देता येतं, ती रान ओळखतात.

आणि छत्तीसगडशी बोलणं. २०२१ च्या ऑक्टोबरात हत्तींचा कळप ओडिशातून छत्तीसगडमार्गे चालत गडचिरोलीत आला, आठवतंय ना? त्यांना कुणी ट्रकमधून आणलं नव्हतं. इंद्रावतीच्या दोन्ही काठांवरचं जंगल सलग राहिलं तर पलीकडचा एखादा रानरेडा उन्हाळ्यात नदी उतरून कोलामार्कात येईल, आणि तो आशाचा मुलगा नसेल.